जोडताऱ्यांमधल्या श्वेत बटूंची गिरकी का बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत आणि त्यानंतर येणाऱ्या निरोपांत श्वेत बटूंबद्दलचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. गेली काही वर्षे मी ते एका वहीत उतरवत आलो आहे. त्यांतले बरेचसे फिरून एकाच जागी येतात: मेलेला म्हणतात तो तारा आपला वेग बदलतो कसा, आणि तो बदल आपल्याला कळतो कसा? त्या वहीतले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. श्वेत बटू म्हणजे नेमके काय? आणि इंधन संपल्यावरही तो फिरतो कशामुळे?

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याची बाहेरची आवरणे अवकाशात विरून जातात आणि मागे उरतो तो तापलेला गाभा. तोच श्वेत बटू. वस्तुमान सूर्याच्या साधारण ०.६ पट आणि आकार जेमतेम पृथ्वीएवढा. ऊर्जा तयार करणे थांबले तरी फिरणे थांबत नाही, कारण फिरायला इंधन लागतच नाही. मूळ ताऱ्याच्या गाभ्यात जो कोनीय संवेग (फिरण्याचा साठा) होता, त्यातला उरलेला वाटा श्वेत बटूकडे येतो आणि अडवणारे कोणी नसेल तर तो तसाच राहतो. केप्लर दुर्बिणीने ज्या एकट्या श्वेत बटूंची स्पंदने मोजली, त्यांच्या फेऱ्या बहुतेक अर्धा ते दोन दिवसांच्या निघाल्या. म्हणजे एकटा असेल तर श्वेत बटू बऱ्यापैकी संथ असतो. जोडीदार आला की चित्र पालटते.

२. परिवलन आणि परिभ्रमण यांत माझा नेहमी घोळ होतो. इथे कशाबद्दल बोलताय?

शाळेच्या भूगोलात शिकलो तेच. स्वतःभोवती फिरणे म्हणजे परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. इथे मुख्य विषय परिवलनाचा आहे, म्हणजे श्वेत बटूच्या दिवसाचा. पण जोडताऱ्यांत हे दोन्ही एकमेकांत गुंततात. आपण ज्या जोड्यांबद्दल बोलणार आहोत त्यांत एक श्वेत बटू आणि बहुधा एक छोटा लाल तारा असतो. दोघे इतके जवळ असतात की एकमेकांभोवतीची फेरी काही तासांत पुरी होते. लाल ताऱ्याच्या बाहेरच्या थरातला वायू श्वेत बटूच्या ओढीत सापडतो आणि त्याच्याकडे वाहू लागतो. पुढची सगळी कथा या वाहण्याची आहे.

३. सर्वात मोठ्या दुर्बिणीतूनही तो ठिपकाच दिसतो. मग तो फिरतोय हे कळते कसे?

चुंबकीय क्षेत्रामुळे. क्षेत्र प्रबळ असले की येणारा वायू पृष्ठभागावर सगळीकडे सारखा पडत नाही. तो चुंबकीय ध्रुवांकडे वळवला जातो आणि तिथे आदळून कोट्यवधी अंश तापमानाला पोहोचतो. हे तप्त डाग ताऱ्याबरोबर फिरतात. डाग आपल्या बाजूला आला की प्रकाश आणि क्ष-किरण वाढतात, पलीकडे गेला की कमी होतात. समुद्रावरून दीपगृहाची झोत मोजावी तसे हे मोजता येते.

यातली पहिली मोठी पायरी १९५४ ची. शौरी तारकासमूहात डिसेंबर १९३४ मध्ये एक नवतारा (साचलेला वायू पेटून एकाएकी उजळणारा तारा, प्रश्न १० पाहा) उजळला होता, आज आपण त्याला डीक्यू हर्क्युलिस म्हणतो. मर्ल वॉकर यांना त्याच्या प्रकाशात ७१ सेकंदांचा ठोका सापडला. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन्ही ध्रुव आळीपाळीने दिसत असतील तर एका फेरीत दोन ठोके पडतात, आणि खरा आवर्तकाल दुप्पट म्हणजे १४२ सेकंद असू शकतो. डीक्यू हर्क्युलिसबद्दल हा वाद बराच काळ चालला.

चुंबकीय क्षेत्र दुबळे असेल तर ठोका मिळत नाही. मग वर्णपटातल्या रेषा किती रुंदावल्या आहेत यावरून अंदाज घ्यावा लागतो. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

४. गिरकीचा वेग वाढतो तो कशाने?

जोडीदाराकडून निघालेला वायू सरळ खाली पडत नाही. परिभ्रमणामुळे त्याला आडवा वेग असतो, म्हणून तो श्वेत बटूभोवती घेर घेत चकती बनवतो. चकतीतला वायू आत आत सरकत जातो आणि शेवटी चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यात जातो. तिथे तो आपला कोनीय संवेग ताऱ्याला देऊन टाकतो.

जत्रेतला हाताने फिरवायचा चक्री पाळणा आठवा. पाळण्यापेक्षा वेगाने पळत जाऊन दांडी धरली की पाळण्याला रेटा मिळतो. चकतीची आतली कड ताऱ्याच्या क्षेत्रापेक्षा वेगाने फिरत असेल तर ताऱ्याचे नेमके तेच होते. डीक्यू हर्क्युलिस, १९०१ साली नवतारा म्हणून उजळलेला ययातीतला जीके पर्सी (गिरकी ३५१ सेकंदांची) आणि वासुकीतला ईएक्स हायड्री हे तिघेही अशा रेट्याने वेग वाढवत असलेले तारे आहेत.

न्यूट्रॉन ताऱ्यांतही हेच घडते, पण तिथे बदल फार लवकर दिसतो. श्वेत बटू न्यूट्रॉन ताऱ्याच्या शेकडो पट मोठा असल्यामुळे त्याचे जडत्व आघूर्ण (गिरकी बदलायला होणारा विरोध) साधारण लाखपट असते. लहान भोवरा आणि दगडी जाते यांत जो फरक, तोच इथे. जात्याची गती बदलायला वेळ लागतो.

५. सतत वायू पडत असेल तर वेग सतत वाढतच जायला हवा. मग काही तारे मंद का होतात?

हा प्रश्न मला सर्वात जास्त आवडतो. विचारणाऱ्याला प्रश्न ४ पूर्ण समजला आहे हे त्यातून कळते.

पाळणा तुमच्यापेक्षा वेगाने फिरत असताना दांडी धरलीत तर काय होईल? पाळणाच तुम्हाला ओढत नेईल आणि त्या ओढण्यात त्याचा वेग कमी होईल. चकतीचा वायू आत जितका जवळ तितका वेगाने फिरतो, बाहेर जाल तसा संथ. ताऱ्यापासून एका ठराविक अंतरावर वायूची फेरी आणि ताऱ्याची गिरकी बरोबर एकाच वेळेची असते. या अंतराला सहपरिवलन त्रिज्या म्हणतात. तिच्या आतले क्षेत्ररेषांचे धागे वायूकडून रेटा घेतात, बाहेरचे धागे वायूला ओढून स्वतःचा वेग गमावतात.

दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात, जमा आणि खर्च एकाच वहीत लिहावेत तसे. शिल्लक कोणत्या बाजूला, हे वायू किती येतो यावर ठरते. वायू भरपूर आला की चकती क्षेत्राला आत ढकलते, रेटा वाढतो आणि तारा वेग घेतो. वायू आटला की चकतीची कड बाहेर सरकते आणि ओढ जिंकते. पुरेसा काळ गेला तर तारा समतोलाजवळ येऊन ठेपतो. बऱ्याच अशा ताऱ्यांची गिरकी त्यांच्या परिभ्रमण काळाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, त्यामागे हा समतोल आहे. ईएक्स हायड्री मात्र यात बसत नाही. त्याचा परिभ्रमण काळ ९८ मिनिटे आणि गिरकी तब्बल ६७ मिनिटांची.

६. वायू आतच येऊ न देता बाहेर फेकणारा श्वेत बटू असतो म्हणे. खरे आहे का?

खरे आहे. कुंभ राशीतला एई अक्वेरी, आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षांवर. गिरकी ३३ सेकंदांची, जोडीदाराबरोबरची फेरी सुमारे ९.९ तासांची. इतक्या वेगवान ताऱ्याची सहपरिवलन त्रिज्या केंद्रापासून जेमतेम १४ हजार किलोमीटरवर येते आणि जोडीदाराकडचा वायू तिथे पोहोचण्याआधीच क्षेत्राच्या तडाख्यात सापडतो. शेताच्या माचाणावर बसून गोफण फिरवणारा राखणदार डोळ्यांसमोर आणा. वायूचा जो लपका जवळ येतो, तो गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो.

भिरकावायला ऊर्जा लागते, आणि ती येते गिरकीतून. त्यामुळे एई अक्वेरी मंदावतो आहे. या मंदावण्यातून तो सूर्याच्या एकूण तेजाहूनही जास्त शक्ती खर्च करतो. पण वायू पडून जेवढा प्रकाश निघतो तो याच्यापुढे अगदी किरकोळ आहे. हाच वेग घटत राहिला तर गिरकी दुप्पट लांब व्हायला सुमारे १.९ कोटी वर्षे लागतील. ताऱ्यांच्या आयुष्यात हा काळ थोडका आहे, म्हणून मला वाटते की आपण एई अक्वेरीला एका छोट्या, घाईच्या टप्प्यात गाठले आहे. त्याचा हा ३३ सेकंदांचा वेग पूर्वी कधीतरी भरपूर वायू गिळून कमावलेला असणार.

मेष राशीत लॅमॉस्ट या चिनी दुर्बिणीच्या सर्वेक्षणाने दाखवलेला दुसरा असाच तारा आहे, त्याची गिरकी २५ सेकंदांहून किंचित कमी. इन्ग्रिड पेलिसोली आणि सहकाऱ्यांनी कॅनरी बेटांवरच्या मोठ्या दुर्बिणीने ती मोजली.

७. एई अक्वेरी वर्षाला किती मंदावतो? आणि एवढेसे मोजतात कसे?

वर्षाला सुमारे १.८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीपेक्षाही कमी. एकच फेरी मोजून हे कधीच कळणार नाही. युक्ती आहे ती ठोके मोजत राहण्यात.

वर्षभरात हा तारा सुमारे साडेनऊ लाख फेऱ्या घेतो. समजा, तुम्ही आज ठोक्याची वेळ नेमकी टिपली आणि आवर्तकाल बदलत नाही असे धरून पुढचे वेळापत्रक मांडले. प्रत्येक फेरी मागच्या फेरीपेक्षा किंचित लांब, त्यामुळे उशीर साचत जातो आणि तो काळाच्या वर्गाने वाढतो. एका वर्षाने ठोका वेळापत्रकापेक्षा सुमारे ०.८५ सेकंद उशिरा येतो. दहा वर्षांनी ८५ सेकंद. म्हणजे अडीच फेऱ्यांचा फरक! मायक्रोसेकंद मोजायला मायक्रोसेकंदाचे घड्याळ लागले नाही, फक्त धीर लागला. १९९४ मध्ये दे यागर आणि सहकाऱ्यांनी सुमारे १४ वर्षांच्या नोंदी जोडून हे मंदावणे दाखवून दिले ते याच पद्धतीने. निरीक्षित वेळेतून अपेक्षित वेळ वजा करून जो आलेख काढतात, त्यात वर वळलेला वक्र म्हणजे मंदावणे आणि खाली वळलेला म्हणजे वेग घेणे.

मात्र मोजणीत तीन जागी पाय घसरतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश आपल्याला कधी आठ मिनिटे आधी तर कधी आठ मिनिटे नंतर मिळतो, म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन ठेवाव्या लागतात. श्वेत बटू स्वतःही जोडीदाराभोवती फिरतो. एई अक्वेरीत त्यामुळे ठोका सुमारे २ सेकंद मागेपुढे होतो. आणि आपल्या घड्याळांत १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले आहेत, ते विसरले तर न बदललेला ताराही बदललेला दिसेल.

शिवाय दोन निरीक्षणांत इतके अंतर पडू देऊ नये की मधल्या फेऱ्या किती झाल्या हेच सांगता येणार नाही. एक फेरी जास्त धरायची की कमी, हा गोंधळ झाला की सगळा आलेख चुकतो.

८. एखादा तारा आधी मंदावला आणि मग वेग घेऊ लागला, असे झाले आहे का?

झाले आहे, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत. कुंभ राशीतच एफओ अक्वेरी आहे. गिरकी १२५४ सेकंदांची, म्हणजे २१ मिनिटांना किंचित कमी, आणि ठोका इतका ठसठशीत की अभ्यासक त्याला अशा ठोके देणाऱ्या श्वेत बटूंचा राजा म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मंदावत होता. १९८७ च्या सुमारास वळला आणि पुढे सुमारे सत्तावीस वर्षे वेग घेत राहिला. २०१४ च्या आसपास पुन्हा उलटला.

मग २०१६ मध्ये तो अचानक एरवीपेक्षा बराच फिकट झाला. जोडीदाराकडचा प्रवाह आटला होता. २०१७ आणि २०१८ मध्येही तसेच घडले. इथे घाईने जोडायचा मोह होतो की प्रवाह आटला म्हणून तारा मंदावला. पण मंदावणे तर आधीच सुरू झाले होते! म्हणजे प्रवाहात काहीतरी बदल ठळक फिकटपणाच्या आधीपासून चालू असावा, असे मला वाटते. प्रश्न ५ मधला जमाखर्च इथे प्रत्यक्ष दिसतो. एफओ अक्वेरी समतोलाच्या अगदी जवळ आहे, म्हणून थोड्या फरकानेही पारडे इकडून तिकडे जाते.

या ताऱ्याच्या नोंदींत हौशी निरीक्षकांचा वाटा फार मोठा आहे. चाळीस वर्षे एकाच ताऱ्यावर मोठी दुर्बीण रोखून कोणी बसत नाही. घराच्या गच्चीवरून रात्रीमागून रात्र मोजणाऱ्या माणसांनी हा आलेख सांधून ठेवला. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

९. चंद्र जसा पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, तसे श्वेत बटूचे होते का?

होते. फुगडी घालणाऱ्या दोघी एकमेकींसमोर तोंड करूनच फिरतात, तसा श्वेत बटू आणि जोडीदार. स्वतःभोवतीची फेरी आणि जोडीदाराभोवतीची फेरी दोन्ही एकाच वेळेच्या. अशा ताऱ्यांना पोलर म्हणतात. पहिला ओळखला गेला तो १९७६ मध्ये, शौरीतला एएम हर्क्युलिस, फेरी सुमारे ३.१ तासांची. त्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण (लहरींचे ठराविक दिशेने कंपन, इंग्रजीत पोलरायझेशन) फार मोठे निघाले, नाव त्यावरूनच पडले.

चंद्राला भरती-ओहोटीच्या ओढीने जखडले आहे. पोलरमध्ये हे काम चुंबकत्व करते. तिथले क्षेत्र एक कोटी ते वीस कोटी गॉसपर्यंत असते (पृथ्वीचे जेमतेम अर्धा गॉस), आणि चकतीला जागाच उरत नाही. वायू सरळ क्षेत्ररेषांवरून ध्रुवावर उतरतो. श्वेत बटूचे क्षेत्र जोडीदाराला जाऊन भिडते आणि पडणाऱ्या वायूचा रेटा त्या पकडीपुढे निष्प्रभ ठरतो.

१०. ही पकड कधी सुटते का?

सुटते. २९ ऑगस्ट १९७५ रोजी हंस तारकासमूहात एक नवतारा उजळला. तो साध्या डोळ्यांना दिसत होता आणि दुसऱ्या प्रतीच्याही थोडा पुढे गेला. व्ही१५०० सिग्नी. तो मावळल्यावर अभ्यासकांना ती पोलर जोडी असल्याचे कळले, पण गिरकी आणि परिभ्रमण जुळत नव्हते. परिभ्रमण सुमारे ३.३५ तासांचे आणि गिरकी त्याहून १.८ टक्क्यांनी लहान.

श्वेत बटूवर साचलेला हायड्रोजन एकदम पेटला की बाहेरचे आवरण फुगून जोडीदारालाही वेढून टाकते. त्या धामधुमीत फुगडीचे हात सुटले, असा अर्थ लावला जातो. त्यानंतर गिरकी हळूहळू लांबत गेली आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांत दोघे पुन्हा जुळतील असा हिशेब मांडला गेला. ताऱ्यांच्या गोष्टीत एवढा छोटा काळ क्वचितच येतो.

नवताऱ्याच्या आधीची आणि नंतरची गिरकी दोन्ही हाती आली, असे एक उदाहरणही आहे. जून २०२१ मध्ये शौरीत उजळलेला व्ही१६७४ हर्क्युलिस. त्याची गिरकी सुमारे ५०१ सेकंदांची. स्फोटाआधीच्या सर्वेक्षणांच्या चित्रांत ती सापडली आणि स्फोटानंतर ती साधारण एका टक्क्याच्या शंभराव्या भागाने लांबलेली निघाली.

११. पोलरमध्ये गिरकी परिभ्रमणापेक्षा संथ असू शकते का?

गरुड तारकासमूहातला व्ही१४३२ अक्विली तसा आहे. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. त्याची गिरकी लहान होत चालली आहे, म्हणजे तोही जुळण्याकडेच निघाला आहे, फक्त उलट दिशेने. नवताऱ्याच्या स्फोटाने गिरकी मागे कशी पडली, हे सोप्या हिशेबात बसत नाही.

१२. चकती नाही, वायू पडत नाही, तरी मंदावतो. असा कोणता तारा?

वृश्चिकातला एआर स्कॉर्पी, अंतर सुमारे ३८० प्रकाशवर्षे. अनेक दशके तो एका वेगळ्याच, एकट्या स्पंदनशील ताऱ्याच्या नावाने यादीत होता. २०१५ मध्ये हौशी निरीक्षकांना त्याच्या प्रकाशातली विलक्षण चढउतार खटकली. २०१६ मध्ये टॉम मार्श आणि सहकाऱ्यांनी त्याचा खरा स्वभाव उलगडला. गिरकी ११७ सेकंदांची, परिभ्रमण ३.५६ तासांचे, आणि रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंत सगळीकडे ठोके.

इथे श्वेत बटू जवळजवळ काहीच गिळत नाही. त्याचे क्षेत्र लाल जोडीदाराला फटके मारत फिरते, तिथले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ नेते आणि त्यांचा प्रकाश आपल्याला दिसतो. खर्च गिरकीतून. मंदावण्याच्या आकड्यावर सुरुवातीला वाद झाला. २०१८ मध्ये पॉटर आणि बकली यांनी दाखवले की तोवरच्या नोंदींतून तो ठरवता येत नाही. हा आक्षेप रास्त होता. मग त्याच वर्षी आणि २०२० मध्ये जास्त लांब पल्ल्याच्या मोजण्यांतून तो पक्का झाला. वर्षाला सुमारे वीस मायक्रोसेकंद. २०२३ मध्ये याच जातीचा दुसरा तारा मिळाला, गिरकी ५.३ मिनिटांची.

एवढे मोठे क्षेत्र असेल तर तारा मुळात एवढ्या वेगाला पोहोचला कसा? क्षेत्राने वायूला आधीच हाकलून दिले असते! २०२१ मध्ये मथायस श्रायबर आणि सहकाऱ्यांनी सुचवलेले उत्तर मला पटते. आधी क्षेत्र नव्हतेच. तारा वायू गिळून वेगवान झाला. नंतर थंड होताना त्याच्या गाभ्यात स्फटिक बनू लागले, आत घुसळण सुरू झाली आणि वेगवान गिरकीमुळे त्या घुसळणीतून प्रबळ क्षेत्र उभे राहिले. मग त्याच क्षेत्राने ब्रेक लावला.

१३. प्रत्येक गिळणारा श्वेत बटू वेगवान असतो का?

नाही. सूर्याच्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा गिळला तरी श्वेत बटू फुटण्याच्या वेगाजवळ जायला हवा, असा साधा हिशेब निघतो. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. हबलच्या अतिनील वर्णपटांतून दक्षिण आकाशातल्या व्हीडब्ल्यू हायड्रीचा पृष्ठवेग सेकंदाला काही शे किलोमीटर निघाला, तर मिथुनेतल्या यू जेमिनोरमचा त्याहून बराच कमी. मधल्या काळातले नवताऱ्याचे स्फोट साचलेला वायू आणि त्याच्याबरोबर संवेगही उधळून देत असावेत.

१४. वेगाला काही मर्यादा आहे का?

आहे. विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवता येणार नाही इतका वेग झाला की तारा टिकत नाही. साध्या श्वेत बटूसाठी ही मर्यादा दहा-वीस सेकंदांच्या घरात येते. जड श्वेत बटू आकाराने लहान असतात, त्यांना काही सेकंदांपर्यंत मुभा आहे. एई अक्वेरी आणि मेषेतला त्याचा भाऊ (प्रश्न ६) या कडेपासून फार दूर नाहीत.

१५. काहीही न गिळता वेग वाढतो, असे होऊ शकते?

दक्षिण आकाशात एचडी ४९७९८ नावाचा तप्त उपबटू तारा आहे. त्याच्या जोडीदाराची गिरकी १३.२ सेकंदांची आणि वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२८ पट. सान्द्रो मेरेगेत्ती आणि सहकाऱ्यांनी वीसहून अधिक वर्षांच्या क्ष-किरण नोंदी जोडल्या, तेव्हा तो सतत वेग घेताना दिसला. वर्षाला सुमारे ७० नॅनोसेकंद. उपबटूकडून येणारा वारा विरळ आहे, एवढा रेटा त्यातून निघत नाही. तो श्वेत बटू नसून न्यूट्रॉन तारा असावा, असेही काहींनी मांडले.

२०१८ मध्ये सर्गेई पोपोव्ह आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. हा श्वेत बटू अगदी तरुण असेल, जेमतेम वीस लाख वर्षांचा, तर तो अजून थंड होत आकसतो आहे. गिरकी घेणारी नर्तिका हात अंगाशी ओढते आणि वेग वाढतो, तेच इथे. बाहेरून काही न घेता. हे खरे असेल तर गिरकीच्या आलेखावरून आपण ताऱ्याच्या अंतरंगाचे आकसणे मोजतो आहोत, आणि ही गोष्ट मला या संपूर्ण विषयातली सर्वात सुंदर वाटते.

१६. गिरकीमुळे चंद्रशेखर मर्यादा ओलांडता येते का?

थोडी. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास मांडलेली सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा न फिरणाऱ्या श्वेत बटूसाठी आहे. संपूर्ण तारा एकसंध फिरत असेल तर केंद्रोत्सारी आधारामुळे ती सुमारे १.५ पर्यंत जाते. आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असेल तर आणखी वर. यातून २०११ मध्ये एक कल्पना पुढे आली: श्वेत बटू गिळून जड आणि वेगवान होतो, मग गिळणे थांबते, गिरकी हळूहळू मंदावते आणि आधार निघून गेल्यावर लाखो वर्षांनी अतिनवतारा म्हणून फुटतो. तोवर जोडीदारही विझून गेलेला. काही अतिनवताऱ्यांच्या जागी जोडीदाराचा मागमूस का लागत नाही, याचे हे एक शक्य उत्तर आहे. मी ते शक्य म्हणूनच सांगतो.

गिरकी मंदावली की प्रत्येक श्वेत बटू फुटतो, असा मात्र याचा अर्थ नाही. एई अक्वेरी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

१७. दोन्ही तारे श्वेत बटू असतील तर?

तर परिभ्रमण काही मिनिटांवर येऊ शकते. कर्केतला एचएम कॅन्क्री ३२१ सेकंदांत फेरी पुरी करतो, आणि गुरुत्वीय लहरींमुळे कक्षा आकसून ही फेरी वर्षाला सुमारे १.२ मिलिसेकंदांनी लहान होते आहे. इतक्या जवळ भरतीची ओढ दोघांची गिरकी परिभ्रमणाशी जुळवू पाहते. कक्षा आकसत जाते तशी गिरकीही तिच्यामागे धावते आणि या ओढाताणीत तारे आतून तापतात.

१८. महाराष्ट्रातून, माझ्या दुर्बिणीतून यातले काय मोजता येईल?

एई अक्वेरी अकराव्या प्रतीच्या आसपास आहे, छोट्या दुर्बिणीतही सापडतो. पण त्याचा ३३ सेकंदांचा ठोका फार क्षीण, त्याच्या मागे लागू नका. त्याच्या अचानक येणाऱ्या भडक्यांची नोंद मात्र नक्की करा.

गिरकी मोजायची तर एफओ अक्वेरी घ्या. आठ ते बारा इंची दुर्बीण, सीमॉस कॅमेरा, तीस ते साठ सेकंदांची चित्रे आणि सलग तीन-चार तास. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी कुंभ रास छान उंचीवर येते. एका रात्रीत आठ-दहा ठोके मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये ईएक्स हायड्री घ्या. तो दक्षिणेकडे आहे. युरोपातल्या निरीक्षकांना तो क्षितिजाला टेकलेला दिसतो, आपल्याला पुण्याहून चाळीस अंशांहून वर. हा आपला फायदा आहे, तो वाया घालवू नये.

घड्याळाची काळजी सर्वात आधी. एकदा शहरापासून दूर, नेटवर्क नसलेल्या माळावर मी तीन रात्री एफओ अक्वेरीची चित्रे घेतली. घरी येऊन ताडून पाहिले तेव्हा लॅपटॉपचे घड्याळ चाळीस सेकंद मागे पडलेले होते, आणि ते कोणत्या रात्री किती मागे पडले हे सांगता येईना. तिन्ही रात्रींच्या वेळा बाजूला ठेवाव्या लागल्या. आता मी दर रात्री सुरुवातीला आणि शेवटी जीपीएसची वेळ लिहून ठेवतो.

मोजलेल्या नोंदी स्वतःजवळ ठेवू नका. १९११ पासून रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या एएव्हीएसओकडे त्या पाठवता येतात. पुण्याची आयुका ज्या दक्षिण आफ्रिकेतल्या साल्ट दुर्बिणीची भागीदार आहे, तिथेही पोलर ताऱ्यांवर काम झाले आहे. पण मोठ्या दुर्बिणीला एका ताऱ्यासाठी मोजके तास मिळतात. मधल्या रात्री कोणीतरी भरून काढाव्या लागतात, नाहीतर प्रश्न ७ मध्ये सांगितलेली फेऱ्यांची मोजणी तुटते.